लसणाचं कुंपण

१

दादाला जाऊन आठवडाही झाला नव्हता. सकाळी दार वाजलं म्हणून उघडलं, तर वहिनी. चपलाही न काढता ती म्हणाली, "उंदराच्या औषधाचा डबा नाहीसा झालाय. आणि तो कोणी घेतला ते मला माहीत आहे."

दादा माझा सख्खा थोरला भाऊ. दाढ काढली होती म्हणून त्या संध्याकाळी तो नुसतं सूप प्यायला, लसणाची पात घातलेलं बटाट्याचं सूप. थोड्याच वेळात उलट्या सुरू झाल्या. दवाखान्यात नेलं. हृदय आधीपासूनच दुबळं, पहाटे तेही थांबलं. डॉक्टर म्हणाले, पोटात काहीतरी विषारी गेल्यासारखं वाटतंय, नमुने तपासायला पाठवलेत, निकालाला वेळ लागेल. मी अजून नीट रडलेही नव्हते. रडायला बसलं की कोणीतरी भेटायला यायचं.

"सूप सूनबाईने केलं," वहिनी म्हणाली. "त्याच्याशिवाय कोणी ते प्यायलं नाही. डबा कुठे ठेवलाय ते तिला ठाऊक होतं. उद्या सकाळी मी पोलिसांत तक्रार देणार आहे. त्याआधी तू येऊन बघ."

"मी काय बघू?"

"जन्मभर गोदामांतून काय बघत होतीस? तेच."

विमा कंपनीत मी नुकसानीची पाहणी करायचे. माल उंदरांनी खाल्ला म्हणून लोक भरपाई मागायचे, आणि मी पोत्याचा फाटका कोपरा डोळ्यांशी धरून सांगायचे, हे दातांचं काम आहे आणि हे सुरीचं. लोक उगाच उंदराला लबाड म्हणतात. उंदीर अगदी सरळमार्गी प्राणी आहे. भूक लागली की खातो आणि सगळा पुरावा तिथेच टाकून निघून जातो. लबाडीला माणूस लागतो.

सूनबाई, म्हणजे माझ्या भाच्याची बायको, मला आवडते. पण एखादं माणूस आवडतं म्हणून त्याला सोडून देण्याची सवय मला नाही. मी चपला घातल्या.

"तू म्हणतेस तसं नसलं तर?" मी विचारलं.

"तसंच आहे," वहिनी म्हणाली. "आणि ती तुरुंगात जाईपर्यंत मला झोप यायची नाही."

२

वहिनीचं आणि खारींचं जुनं वैर. तिला ट्यूलिपची फुलं प्राणप्रिय आणि खारींना ट्यूलिपचे कंद. थंडीआधी हिने कंद पुरायचे आणि त्यांनी ते उकरून, कुंपणावर बसून, हिच्याकडे बघत खायचे. वहिनीने सगळं करून पाहिलं. मातीवर तिखट टाकलं, तर खारी शिंकल्या आणि परत आल्या. न्हाव्याकडून केस आणून पसरले, ते त्यांनी घरट्यात अंथरले. शेवटी कोणीतरी सांगितलं की लसणाच्या वासाने खारी फिरकत नाहीत, म्हणून तिने ट्यूलिपच्या वाफ्याभोवती चारी बाजूंनी लसूण लावला. हे तिचं लसणाचं कुंपण. आल्यागेल्याला ती ते दाखवायची. स्वयंपाकाला पात लागली की तीही तिथूनच कापली जायची, कधीकधी अख्खा लसूणच उपटला जायचा. कुंपण राखणारेच कुंपण खात होते म्हणा ना.

तरी मध्येमध्ये खारी यायच्याच. मागच्या वर्षी तिने जाहीर केलं, आता एक जरी कंद गेला तर मी औषध घालणार. आणि डबा आणला.

"तो ह्याच फळीवर होता," अवजारांच्या खोलीत शिरत वहिनी म्हणाली.

फळीवर धुळीत एक गोल स्वच्छ जागा होती. मी तिच्यावर बोट फिरवलं. बोटाला धूळ लागली. मूळ धुळीइतकी जाड नाही, पण लागली.

"वहिनी, डबा इथून हलून बरेच दिवस झालेत. मागच्या आठवड्यात कोणी उचलला असता तर ही जागा कोरी असती."

"म्हणजे तिने आधीपासून ठरवलं होतं!"

वहिनीशी वाद घालायचा तर जेवून यावं लागतं. मी खोली बघायला लागले. दोर, कुदळ, कुंड्या, पांढऱ्या टोकांच्या बांबूच्या खुंट्यांची एक जुडी, दादाची फाटकी टोपी. टोपी मी हातात घेतली. ती घेऊन मी क्षणभर खाली स्टुलावर बसले, म्हणूनच मला दादाचे रबरी बूट अगदी जवळून दिसले. एक जरा बाहेरच्या बाजूला कलला होता. आत पायमोजा कोंबलेला, आणि त्याच्याखाली डबा.

वहिनीने हात पुढे केला. मी तो मागे सारला आणि डबा उजेडात धरला. झाकणाभोवतीची कागदी पट्टी जशीच्या तशी होती. डबा कधी कोणी उघडलाच नव्हता.

३

"बाबांनीच लपवला असेल," सूनबाई म्हणाली. "खारींना औषध घालायचं म्हटलं की त्यांना जेवण जायचं नाही. आईंसमोर बोलायचे नाहीत, एवढंच."

ती स्वयंपाकघरात खुर्चीच्या कडेवर बसली होती, पाहुण्यासारखी. डोळे सुजलेले. दादा गेल्यापासून त्या घरात तिच्याशी कोणी बोललेलं नव्हतं, आणि ती मात्र सगळ्यांचा स्वयंपाक करत होती. तिच्या हातचं कोणी खात नव्हतं ते वेगळं.

"त्या दिवशीचं सांग."

"बाबांना चावता येत नव्हतं. सूप करते म्हटलं, तर म्हणाले पात घाल भरपूर. मी वाफ्यावर गेले, वरून कात्री फिरवली. जाळीतून पात वर आलीये ना, तेवढी कापली."

"जाळी कधी बसवली?"

"तुमच्या भाच्याने बसवली, बाबा आजारी होते तेव्हा. आईंनी हट्टच धरला, खारी वरून उड्या मारतात म्हणून."

"आणि उरलेलं सूप?"

तिने फ्रीज उघडला. खालच्या कप्प्यात एक पातेलं, त्यावर ताटली, आणि ताटलीवरून चिकटपट्टीचे आडवेतिडवे वेढे. वहिनीची कारागिरी.

"मीच ठेवलं होतं, वाया कशाला घालवा म्हणून. बाबा गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी ते काढलं. सकाळपासून पोटात काही नव्हतं, दुसरं काही करायची ताकद नव्हती. गॅसवर ठेवणार तर आई आल्या आणि हातातून ओढून घेतलं. म्हणाल्या, पुरावा नष्ट करतेस?"

मी पातेल्याकडे बघत राहिले. विष घालणारं माणूस उरलेलं सूप आधी मोरीत ओततं. फ्रीजमध्ये झाकून ठेवत नाही, आणि दुसऱ्या दिवशी जेवायला तर मुळीच काढत नाही. पण हे तिच्या तोंडचं होतं. तिच्या शब्दावर विश्वास ठेवणारं त्या घरात मी धरून कोणीच नव्हतं.

"वहिनी म्हणते, नव्या नोकरीवरून तुझं आणि दादाचं वाजलं होतं."

"वाजलं नव्हतं! दुसऱ्या गावी नोकरी लागली म्हणून मी त्यांना विचारायला गेले. ते म्हणाले, जा पोरी, आम्ही दोघं काही लहान नाही. हा होता की तिथे. विचारा ना त्याला."

भाचा तेव्हाच दारात आला होता. लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो तो, कमरेला सदा अवजारांचा पट्टा. लहानपणी माझ्या मांडीवर बसून घड्याळं उघडायचा. आठवड्यात तो वाळून निम्मा झाला होता.

"काय रे? असं म्हणाला होता का दादा?"

त्याने आधी बायकोकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "नीटसं आठवत नाही, आत्या," तो म्हणाला आणि मागच्या मागे निघून गेला.

सूनबाईने टेबल पुसायला घेतलं, जे स्वच्छच होतं.

मी सिंकखालची बादली ओढली. भाज्यांची देठं आणि सालं ह्यात टाकून मग ती खतात नेतात, पण घरात माणूस गेल्यावर बादली कोण ओतणार? तळाशी पातीची कापलेली टोकं सापडली, कोमेजलेली. मी ती एकेक करून नळाखाली धरली, नखाने चुरडली, नाकाशी नेली. लसूण. लसूण. लसूण. मग एक टोक चिकट लागलं, आणि त्याला गवताखेरीज कसलाही वास नव्हता. त्याच्यामागून असंच आणखी एक. मग आणखी एक.

४

शेजारच्या घरात दातांचे डॉक्टर राहतात. आम्ही त्यांना दातवाले म्हणतो. दादाची दाढ त्यांनीच काढली. वहिनी त्यांच्याशी बोलत नाही, कारण ते खारींना शेंगदाणे घालतात.

"त्यांचे दात जन्मभर वाढतात," दातवाले भिंतीपलीकडून म्हणाले. "त्यांना कवळी लागत नाही. मला फार हेवा वाटतो."

मला हसू आलं नाही. मी कागदात गुंडाळलेली पातीची टोकं पुढे केली. "हे काय आहे?"

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, एक टोक बोटांत फिरवलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरची गंमत उतरली. "कुठे मिळालं?"

"तुम्ही आधी सांगा."

"नर्गिस आहे हे. फुलं यायच्या आधी हिची पानं लसणाच्या पातीसारखीच दिसतात, चपटी, निळसर हिरवी. पण ही खायची नसते हो! कंद काय, पान काय, सगळं विषारी. शिजवलं तरी जात नाही. धडधाकट माणूस उलट्या होऊन सुटतो. पण..." ते थांबले. दादाचं हृदय कसं होतं ते त्यांना माहीत होतं. दाढ काढण्याआधी त्यांनीच हृदयाच्या डॉक्टरांची चिठ्ठी मागवली होती.

"आमच्या बागेत नर्गिस नाही," मी म्हटलं.

"नाही कशी? मीच तर दिले कंद. थंडीआधी तुमचे दादा आले होते, पिशवीभर घेऊन गेले. खारी नर्गिसला तोंड लावत नाहीत, जवळही येत नाहीत. म्हणाले, लसणाच्या कुंपणात भोकं पडलीत, ती गुपचूप बुजवतो. बायकोला वाटू दे तिच्या लसणानेच खारी पळाल्या, म्हणजे औषधाचा डबा निघायचा नाही. फुलं आली की सांगेन म्हणाले, तोवर राग उतरेल." त्यांचा आवाज बसला. "मी म्हटलं होतं, अहो, खायच्या वाफ्यात नको. तर म्हणाले, प्रत्येकाशेजारी खूण लावतो."

मी भिंत धरून उभी राहिले. दादाच तो. बायकोचा मान राखायचा, खारींचा जीव राखायचा, आणि वर कोणाला काही कळू द्यायचं नाही.

पण मघाशी त्या वाफ्याला मी चक्कर मारली होती. जाळीतून ट्यूलिप वर आलं होतं आणि लसूण वर आला होता. पिशवीभर नर्गिसमधलं एक पान तिथे नव्हतं.

५

मी गुडघे टेकून वाफ्याशी बसले. लाकडी चौकट, तिच्यावर ताणून बसवलेली तारेची जाळी, आणि जाळी चौकटीला जागोजागी बांधलेली, वायरी बांधतात त्या काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांनी. खाली लसणाच्या ओळीत मधूनमधून माती ताजी दिसत होती.

"बघ मेल्यांना," वहिनी मागून म्हणाली. "घरात माणूस गेलं तरी ह्यांचं उकरणं चालूच."

"हे खारींचं नाही, वहिनी."

"मग कोणाचं?"

खार उकरते तेव्हा माती एकाच बाजूला उडवते. खड्डा वरून पसरट आणि खाली निमुळता होतो, आणि ती तो कधी बुजवत नाही, तिला काय पडलंय? इथले खड्डे खुरप्याने सरळ कापलेले होते. नंतर त्यांत माती भरून वरून तळहाताने दाबली होती. एका जागी तर तळहाताचा ठसा पुसटसा दिसत होता. आणि मुख्य म्हणजे हे सगळं जाळीच्या खाली. त्या जाळीतून खारीचं नाकसुद्धा जात नाही.

म्हणजे कोणीतरी जाळी सोडून, कंद काढून, जाळी पुन्हा बांधली होती. मी पट्ट्या बघत चौकटीभोवती सरकले. बहुतेक पट्ट्यांवर मातीचे शिंतोडे वाळलेले होते. एका बाजूच्या मात्र कोऱ्या करकरीत होत्या. जुन्या काय नि नव्या काय, प्रत्येकीचं उरलेलं टोक अगदी गाठीलगत, सफाईने कापलेलं.

मी उठले आणि अवजारांच्या खोलीत परत गेले. पांढऱ्या टोकांच्या खुंट्यांची ती जुडी खाली घेतली. ती मघाशीच माझ्या नजरेसमोर होती, मीच तिच्याकडे नीट पाहिलं नव्हतं. दादा जुड्या सुतळीने बांधायचा. ही काळ्या पट्टीने बांधली होती, आणि पट्टीचं टोक गाठीलगत कापलेलं होतं.

आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं की आपल्याला काही सापडलं नसतं तर बरं झालं असतं.

६

संध्याकाळी मी तिघांना स्वयंपाकघरात बसवलं. चहा कोणी केला नाही. टेबलावर मी बंद डबा ठेवला, पातीची टोकं ठेवली आणि खुंट्यांची जुडी ठेवली.

"दादाला उंदराच्या औषधाने काही झालं नाही," मी म्हटलं. "डबा त्यानेच लपवला होता आणि तो उघडलेला नाही. दादा नर्गिसच्या पानांनी गेला. तपासणीत तेच निघेल." आणि दातवाल्यांनी सांगितलेलं सगळं मी सांगितलं.

वहिनीने खुंट्यांची जुडी ओढून घेतली. "ह्या? ह्या त्याने थंडीत रोवल्या होत्या. मी विचारलं तर म्हणाला, ओळ सरळ राहावी म्हणून." तिने जुडी परत टेबलावर आपटली. "खोटारडा. मला सांगायचं नाही का रे?"

"प्रत्येक खुंटीशेजारी एक नर्गिस होती. खुंट्या जागेवर असत्या तर सूनबाईने निदान विचारलं तरी असतं. त्यात जाळी आली. बुंधा दिसला असता तरी फरक कळला असता, पण जाळीच्या वर फक्त पानांची टोकं येत होती, आणि ती सारखीच. तिने वरून कात्री फिरवली. दादा बरा असता तर त्याने खुंट्या गेलेल्या पाहिल्या असत्या, पण जाळी बसली तेव्हापासून तो बागेत उतरलाच नव्हता."

"मग तिने मुद्दाम..." वहिनीने सुरुवात केली खरी, पण आवाजात आधीचा जोर नव्हता.

"मुद्दाम केलं असतं तर सूप आधी ओतलं असतं. तिने ते झाकून ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी स्वतः खायला काढलं. ते तू तुझ्या डोळ्यांनी पाहिलंस. आता दुसरी गोष्ट. दादा गेल्यावर कोणीतरी जाळी सोडून नर्गिसचे सगळे कंद काढून टाकले. लसणाला धक्का न लावता, एकही न चुकता. सारख्या दिसणाऱ्या पानांतून हे कोणाला जमेल? कुठली खुंटी कुठे होती ते ज्याला ठाऊक, त्यालाच. दातवाल्यांना लपवायचं असतं तर ते माझ्याशी कंदांबद्दल बोललेच नसते. वहिनी, तुला ठाऊक असतं तर तू डब्याच्या मागे लागली नसतीस. राहिला तो ज्याने जाळी बसवताना खुंट्या उपटल्या." मी भाच्याकडे वळले. मला त्याच्याकडे बघवत नव्हतं, तरी बघितलं. "ह्या घरात वस्तू अशा बांधणारा एकच माणूस आहे रे."

तो तोंड हातांनी झाकून बोलायला लागला, इतकं हळू की वहिनीला पुढे वाकावं लागलं.

"कंद लावताना बाबांनी मला मदतीला घेतलं होतं. आईला सांगू नकोस म्हणाले. जाळी टाकताना खुंट्या मध्ये यायच्या, जाळी सपाट बसेना, म्हणून काढल्या. म्हटलं, थोड्या दिवसांत फुलं येतील, मग सगळ्यांना दिसतीलच. मग विसरलो. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं काय खाल्लं, तेव्हाही डोक्यात आलं नाही. पहाटे बाबा गेले, मी त्यांचे कपडे न्यायला घरी आलो, तुम्ही सगळे तिकडेच होतात. बागेतून येताना दिसलं. कात्री लागलेली पानं. नर्गिसचीही." त्याने हात खाली घेतले. "काढून टाकले. गाडीत घातले आणि लांब नेऊन फेकले. मला वाटलं, आईला कळलं तर ती पुन्हा माझं तोंड बघायची नाही."

"आणि हिचं काय?" वहिनीने विचारलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा तिने सुनेकडे मान वळवली. "मी हिला खुनी म्हणत होते. रोज. तुझ्यासमोर."

"निकाल आला की आपोआप सुटली असती. मी सांगणारच होतो, आई. निकाल आल्यावर."

७

मला वाटलं आता सूनबाई रडेल, किंवा त्याच्या अंगावर धावून जाईल. दोन्हींसाठी मी तयार होते. पण ती खुर्ची पुढे ओढून त्याच्यासमोर बसली आणि एखादा हरवलेला रुमाल शोधावा तशा साध्या आवाजात विचारायला लागली.

"तू कपडे न्यायला आलास, तेव्हा घरात एकटा होतास."

"हो."

"इथे आलास? स्वयंपाकघरात?"

"पाणी प्यायलो. फ्रीजमधलं."

"सूप दिसलं?"

तो फ्रीजकडे बघायला लागला. फ्रीज आम्हा सगळ्यांच्या समोरच होता.

"कंद काढलेस," ती म्हणाली. "मग सूप का ठेवलंस?"

"अगं..."

"मी शिळं टाकत नाही, तुला माहीत आहे. लग्न झाल्यापासून चिडवतोस त्यावरून. दुसऱ्या दिवशी मी ते काढलं. आई मला विष घातलंस म्हणाल्या म्हणून माझ्या पोटात गेलं नाही. नाहीतर मी बसून प्यायलेच असते."

वहिनीने टेबलाची कड घट्ट धरली.

"सुचलं नाही गं," भाचा म्हणाला. "शपथ. मला ते सुचलंच नाही."

जन्मभर मी खोटं ऐकत आले. खोटं बोलणाऱ्याचा गळा कसा हलतो, नजर कुठे जाते, सगळं मला पाठ आहे. हा पोरगा खरं बोलत होता. तिला काही व्हावं असं त्याच्या मनात क्षणभरही आलं नव्हतं. तो खोटं बोलत असता, दुष्ट असता, तर मला त्याच्यावर निदान रागावता आलं असतं.

"जाळी परत बांधायचं सुचलं," सूनबाई म्हणाली. "पट्ट्यांची टोकं कापायचंही सुचलं." ती उठली, खुर्ची जागेवर सारली. "मी नाही सुचले."

ती वर गेली. थोड्या वेळाने वरच्या खोलीतलं कपाट उघडल्याचा आवाज आला, मग बॅग जमिनीवर टेकल्याचा. भाचा उठून जिन्याकडे निघाला.

वहिनीने त्याचा दंड धरला. तिचा आवाज मी कधी इतका शांत ऐकला नव्हता. "उद्या पोलिसांकडे जायचं ते जायचंच आहे. मी नाही, तू जाणार आहेस, आणि मला सांगितलंस ते सगळं तिथे सांगणार आहेस."

"आई, तिला थांबव ना. तू सांगितलंस तर ती ऐकेल."

"कुठल्या तोंडाने सांगू?" वहिनी म्हणाली. वर बॅगेची चेन अडकली होती, पुन्हा पुन्हा ओढल्याचा आवाज येत होता. वहिनीने त्याला खाली ओढून खुर्चीत बसवलं. "बस इथे. तिला सामान भरू दे."